बारा चाळीसची गाडी

आमचे हे चौतीस वर्षं रेल्वेच्या वेळापत्रक विभागात होते. म्हणजे नेमकं काय करत होते, हे लग्नानंतर पाच वर्षं मला कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा वाटलं, कळलं नव्हतं तेच बरं होतं. जेवणाच्या टेबलाएवढ्या लांब कागदावर तिरक्या रेघा मारायच्या. एक रेघ म्हणजे एक गाडी. दोन रेघा नको तिथे एकमेकींना छेदल्या की दोन गाड्या समोरासमोर. असं काम केलेला माणूस घरी आल्यावर वेगळा कसा वागणार? दूध किती वाजता तापत ठेवलं म्हणजे मुलगी किती वाजता शाळेच्या दारात असेल, हे ह्यांच्या डोक्यात आखलेलं असायचं, आणि दूध उतू गेलं तर तो माझा अपघात.

त्या सगळ्या रेघांत ह्यांची एक लाडकी रेघ होती. सीमेपलीकडे जाणारी दुपारची गाडी. मुख्य स्टेशनच्या तीन नंबरवरून बारा चाळीसला सुटणारी आणि पाचच्या सुमारास पलीकडच्या देशात पोचणारी. दोन्हीकडच्या साहेबांना वर्षभर पत्रं लिहून ह्यांनी ती स्वतः बसवली होती. "आम्हाला दोन अपत्यं, एक मुलगी आणि एक बारा चाळीस," असं मी पाहुण्यांना सांगायची. त्यात चेष्टा आहे हे ह्यांना कधी कळलं नाही. हे मान डोलवायचे.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि गेल्या वर्षी रेल्वेने सगळंच बदलायला काढलं. शहराच्या उत्तर टोकाला नवं टर्मिनस, जमिनीखालून शहराची नवी लाईन, जुन्या लाईनी कुठे तोडलेल्या तर कुठे वळवलेल्या. वर्तमानपत्रात पानभर नकाशे येत होते. जुन्या खात्याने आठवण ठेवून ह्यांना नव्या वेळापत्रकाचं पुस्तक घरपोच पाठवलं. ह्यांनी ते न उघडता डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. "वाचायचं काय त्यात? माझ्याच रेघा पोरांनी इकडच्या तिकडे सरकवल्या असणार," म्हणाले. टेबल डुगडुगायचं थांबलं, तेव्हा मीही काही बोलले नाही.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगते. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, केस पांढरे झाले तरी सगळ्यांची धाकटीच. लग्न होऊन सीमेपलीकडे गेली, तिथेच राहिली. तिचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही. बोलायला मात्र अशी की भिंतीलाही उत्तर द्यायला लावेल. आणि नेमकं तिच्याच घशात दुखणं निघालं. आवाज बसला, मग घोगरा झाला, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला.

तिचा फोन आला. घोगऱ्या आवाजात हसत म्हणाली, "ताई, बुधवारी ये. बुधवारची संध्याकाळ समोरासमोर बसून बोलू. गुरुवारपासून मी आयुष्यभर ऐकणारच आहे, मग तू हवं तेवढं बोल."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले.

गाडी सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी तीनच दिवस. तिच्या गावाला विमानतळ नाही. बसने गेलं तर डोंगराला वळसा घालून गुरुवारी दुपारी पोचणार, म्हणजे सगळं उरकल्यावर. थोडक्यात, बुधवारची गाडी चुकली तर धाकटीचा आवाज मी पुन्हा कधीही ऐकणार नव्हते.

माझं एकटीचं तिकीट मुलीने काढलं. ती दुसऱ्या शहरात असते. तिने ते पाकिटात घालून पाठवलं आणि फोनवर बजावलं, "बाबा, नवं वेळापत्रक नीट बघा हं. स्टेशनंसुद्धा बदललीत."

"माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवतेस का गं?" हे म्हणाले.

आणि मी हसले. पुढे जे झालं त्यात माझा वाटा हा एवढा. पाकीट मी उघडलंसुद्धा नाही. घरात वेळापत्रकवाला असताना तिकिटावरची वेळ बघायची म्हणजे शिंप्याच्या बायकोने तयार कपडे आणण्यासारखं झालं.

बुधवारी बारा वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही मुख्य स्टेशनवर पोचलो. साधे प्रवासी पुढच्या दरवाजाने जातात. तिथे, मला मागाहून कळलं, दोन पुरुष उंचीचा फलक टांगलेला होता, लाल अक्षरात सगळे बदल लिहिलेले होते, आणि दोन मुली येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात चिठ्ठ्या कोंबत होत्या. पण आम्ही पडलो रेल्वेची माणसं! आम्ही पुढच्या दाराने कशाला जाऊ? हे मला चौतीस वर्षांच्या सवयीने पार्सल ऑफिसच्या बाजूच्या दाराने घेऊन गेले. वजनकाट्याला वळसा, मग अरुंद बोळ, मग चार पायऱ्या, की थेट तीन नंबर. त्या वाटेवर एकही फलक नव्हता, कारण त्या वाटेने जाणाऱ्यांना सगळं माहीत असतं.

पार्सलच्या कारकुनाने ह्यांना बघून सलाम ठोकला. "साहेब! तीन नंबरला निघालात? बघा बघा, ओळखू येणार नाही." त्याला वाटलं, साहेब चालू असलेलं काम बघायला आलेत. ह्यांना वाटलं, आपलं कौतुक चाललंय.

तीन नंबरची निम्मी फरशी उखडलेली होती. पार टोकाला एक गवंडी फळीवर बसून नव्या फरश्या लावत होता. दुसरं चिटपाखरू नव्हतं.

"अहो, कोणीच कसं नाही?"

"आपण लवकर आलोय."

साडेबाराला मी म्हटलं, "अहो, रुळांवर गंज चढल्यासारखा दिसतोय."

"हवा दमट आहे."

मला रेल्वेतलं काही कळत नाही, पण रोज वापरातली पळी चकचकीत राहते एवढं मला कळतं.  बारा चाळीसला हे उठून उभे राहिले, कोट खाली ओढला आणि गाडी यायच्या दिशेला बघू लागले. गाडी आली नाही. बारा बेचाळीसला घड्याळ बघून म्हणाले, "लेट! माझ्या काळात दोन मिनिटं उशीर झाला की लेखी खुलासा मागवायचो."

तेवढ्यात तो गवंडी हात पुसत जवळ आला. "काका, कोणाची वाट बघताय?"

"बारा चाळीसची."

"इथे? अहो काका, या रुळावर आता गाडी येत नाही. पुढच्या वळणावर रूळच उचललेत. बाहेर जाणाऱ्या सगळ्या गाड्या रविवारपासून नव्या टर्मिनसवरून सुटतात."

मी पर्स उघडली. पाकीट फाडलं. तिकिटावर स्वच्छ लिहिलं होतं, नवं टर्मिनस, एक वाजून पंधरा मिनिटं. आणि खाली, कागदपत्रं तपासायचं प्रवेशद्वार एक वाजून पाच मिनिटांनी बंद होईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायला इतकं होतं की चाळीस वर्षं पुरलं असतं, पण मी एकच वाक्य बोलले. "उद्या माझ्या बहिणीचा आवाज जाणार आहे." त्यानंतर मी ह्यांच्याशी बोलले नाही.

हे सुटकेस उचलून म्हणाले, "चल. सात नंबरवरून शहराची गाडी, मग मधल्या स्टेशनला बदलून..." आणि पाच-सहा पावलांवर थांबले. मी मागेच होते. ह्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. सात नंबर, शहराची गाडी, मधलं स्टेशन. डोक्यातली प्रत्येक रेघ हे तपासून बघत होते आणि कुठल्याच रेघेवर पाय ठेवायला धजत नव्हते. मग सुटकेस तिथेच टाकून हे पळाले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, उखडलेल्या फरशीवरून, चौकशीच्या खिडकीकडे.

खिडकीपुढे चार-पाच माणसं उभी होती. ह्यांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "मला पुढे जाऊ द्या. मी चौतीस वर्षं या रेल्वेची वेळापत्रकं केली. आज मला काही माहीत नाही. हिची गाडी माझ्यामुळे चुकतेय."

आयुष्यात मी ह्या माणसाच्या तोंडून 'मला माहीत नाही' ऐकलं नव्हतं. एकदा एका अनोळखी गावात आम्ही तीन तास चुकलो होतो, तेव्हासुद्धा हे म्हणाले होते की रस्ता चुकलाय.

ती माणसं बाजूला झाली. एकजणसुद्धा कुरकुरला नाही. खिडकीत चष्मा लावलेली एक तरुण बाई होती. ती हसली नाही की तिने उपदेश केला नाही. तिकिटाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "खाली नऊ नंबर, नवी लाईन, बारा बावन्न. एक तीनला टर्मिनसला पोचते. मी प्रवेशद्वारावर फोन करून ठेवते, पण ते थांबवून धरतील असं वचन देत नाही. पळा." आणि खिडकीतून तिने वेळापत्रकाचं पुस्तक ह्यांच्या हातात सरकवलं. तेच, जे आमच्या टेबलाच्या पायाखाली होतं.

मागे वळून बघते तर गवंडी माझी सुटकेस खांद्यावर घेऊन उभा. "चला मावशी, नऊ नंबरचा जिना मला माहितेय, मीच बांधलाय." हाताला सिमेंट तसंच. आम्ही दोन सरकते जिने पळत उतरलो. गाडी उभीच होती. शेवटच्या डब्यात चढलो, आणि बघते तर तोही आत.

"अहो, तुमचं काम?" मी धापा टाकत विचारलं.

"पुन्हा कालवू," तो म्हणाला.

कालवलेलं सिमेंट किती वेळ टिकतं मला ठाऊक आहे. आमच्या घराचं बांधकाम मी उभं राहून करून घेतलंय. त्याची अर्ध्या दिवसाची मेहनत त्या पाटीत दगड होऊन गेली असणार, आणि मुकादमाचं बोलणं खावं लागलं असणार ते वेगळंच. परत आल्यावर मी त्याला शोधत गेले होते. काम संपवून तो दुसरीकडे गेला होता, नाव कोणाला सांगता आलं नाही. खिडकीतल्या बाईला मात्र भेटले. तिला मी कोण तेच आठवेना. "रोज दहाजण येतात हो असे," म्हणाली. तिला आठवत नसलं म्हणून काय झालं? मी विसरणार नाही, आणि म्हणूनच हे लिहून ठेवतेय.

गाडीत ह्यांनी पुस्तक उघडलं. बोट ठेवून, मान खाली घालून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे वाचत होते. टर्मिनसच्या नकाशापाशी येऊन एकदम म्हणाले, "टर्मिनसचा जिना फलाटाच्या पुढच्या टोकाला आहे. आपण शेवटच्या डब्यात आहोत. फलाट दोनशे मीटर लांब. उतरून चाललो तर तीन मिनिटं जातील आणि दार बंद होईल." मग गवंड्याकडे बघून, "चालत्या गाडीत चालायचं. पुढे."

आठ डबे! पुढे हे, मध्ये मी, मागे खांद्यावर लाल सुटकेस घेतलेला गवंडी. आणि हे प्रत्येक माणसाला "माफ करा, जरा वाट द्या, माफ करा" म्हणत होते. घरात साधा पेला फुटला तर "पेला काठाला होता" म्हणणारा माणूस! आठ डब्यांत ह्यांनी इतक्या वेळा माफी मागितली की माझ्या वाट्याची त्यात कुठली होती, ते मला कळेना. सहाव्या डब्यात हे क्षणभर थांबले, पुस्तकाकडे बघितलं आणि म्हणाले, "ज्यानं हे बसवलंय त्याला अक्कल आहे गं. एवढ्याच अंतराला मी एकतीस मिनिटं द्यायचो." माझा राग अजून तसाच होता.

एक तीनला दार उघडलं. जिना समोरच होता. वर प्रवेशद्वारापाशी गणवेशातला एक ढेरपोट्या अधिकारी काचेच्या दाराला पाय लावून उभा होता. "हिरवी शाल, लाल सुटकेस, त्या तुम्हीच का? खिडकीवरून फोन होता." डोक्यावरच्या मोठ्या घड्याळात एक सहा झाले होते. चढताना माझा गुडघा अडला होता, तेवढा उशीर. त्याने घड्याळाकडे बघितलं, मग पाठ फिरवली, म्हणजे ते घड्याळ त्याला दिसेनासं झालं. "द्या कागद," म्हणाला.

गवंड्याने सुटकेस आत सरकवली. ह्यांना आत सोडणार नव्हते. काचेपलीकडून हे काहीतरी म्हणत होते, बहुतेक पोचल्यावर फोन कर. मी मागे वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं.

गाडी सुटली तेव्हा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्यावर राग नव्याने वर आला. सीमेपर्यंत मी मनातल्या मनात ह्यांना जी बोलणी बसवली, ती एका वेळापत्रकात मावली नसती.

सहाच्या सुमारास मी धाकटीच्या खाटेपाशी होते. तिने मला बघितलं आणि घोगऱ्या, फाटक्या, तरीही तिच्याच असलेल्या आवाजात म्हणाली, "आलीस! मला वाटलं भाऊजींची गाडी, म्हणजे एक मिनिट आधीच येशील." मग मी सगळं सांगितलं. पार्सल ऑफिस, गंजलेले रूळ, लेखी खुलासा. ती हसत होती, खोकत होती, पुन्हा हसत होती. मग आम्ही काय काय बोललो! आईबद्दल, तिच्या यजमानांबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल, लहानपणी मी तिची वेणी इतकी घट्ट घालायची की तिच्या भुवया वर जायच्या त्याबद्दल. महत्त्वाचं असं काही नाही. तीन तास होते आणि ते आम्ही मनसोक्त वाया घालवले. नर्स उठवायला आली तेव्हा धाकटी मध्येच म्हणाली, "ताई, खरंच त्यांनी खिडकीवर सांगितलं? मला माहीत नाही म्हणून? सगळ्यांसमोर?"

"हो."

"भाऊजींनी?"

"भाऊजींनीच."



गुरुवारी सकाळी मला दहा मिनिटं भेटू दिलं. खाट ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत आली होती. मी तिचा हात धरून होते आणि मनात म्हणत होते, आता काय बोलायचं ते माझ्याशी बोल, मी त्यासाठीच आलेय. ती म्हणाली, "फोन लाव भाऊजींना."

मी लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत ह्यांनी उचलला. रात्रभर तो हातातच असणार. मी फोन तिच्या तोंडाशी धरला.

"भाऊजी," ती म्हणाली, एकेक शब्द जपून, "ताई पोचली. तुम्ही पोचवलीत. फार उपकार झाले माझ्यावर."

मग तिने मला डोळ्यांनी खूण केली, आणि खाट आत गेली. दार मिटलं. मला वाटलं होतं तिचं शेवटचं वाक्य माझं असेल. ते ह्यांना मिळालं. चूक करणाऱ्याला! आणि तिथे त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा नीट समजलं की चूक ह्यांची होती तसं पोचवणंही ह्यांचंच होतं. खिडकीतल्या बाईचं होतं, गवंड्याचं होतं, घड्याळाकडे पाठ करणाऱ्या त्या ढेरपोट्याचं होतं, आणि ह्यांचंही. धाकटीला ते माझ्या आधी कळलं.

मी फोन कानाला लावला. पलीकडे हे रडत होते. चाळीस वर्षांत ऐकला नव्हता असा आवाज.

"चुकलो गं मी," म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आणि पोचवलंत."

 मग ह्यांनी विचारलं, "ठेवू का फोन?"

"नका ठेवू. काही बोलू नका, पण ठेवू नका."

डॉक्टर बाहेर येऊन "सगळं नीट झालं" म्हणेपर्यंत, पावणेतीन तास, आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून बसलो होतो.